मधला

धायरीतल्या आमच्या घरात हॉल आणि जेवणाची जागा यांच्या मध्ये तो उभा आहे. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद, ५० उंच. एक आखूड बाजू भिंतीला टेकलेली, बाकीच्या तिन्ही उघड्या. सोफ्यावर बसणाऱ्याला त्याचं एक अंग दिसतं, जेवायला बसणाऱ्याला दुसरं आणि दारातून आत येणाऱ्याला तिसरं. पाठ त्याला नाहीच. पोटात तीनशे लिटर खारं पाणी, पाण्यात खडकांचं एक बेट, बेटावर मऊ प्रवाळ आणि त्यांच्या आधाराने राहणारे मोजके मासे. हौशी मंडळी अशा टाकीला रीफ टँक म्हणतात. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिल्याच आठवड्यात त्याला 'मधला' म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच नाव रुजलं.

धायरीच्या बहुतेक नव्या इमारतींत मुख्य दार उघडलं की थेट ओटा दिसतो. हॉल आणि जेवणाची जागा एकाच पट्ट्यात असतात आणि मध्ये काय घालायचं हा प्रश्न प्रत्येक घराला पडतो. कुणी प्लायवूडची जाळी लावतं, कुणी शोकेस, कुणी नुसता पडदा. या सगळ्यांनी आडोसा होतो, पण मागच्या भागाचा उजेड जातो. मधल्याने आडोसाही दिला आणि उजेडही अडवला नाही. पलीकडे माणूस आहे हे कळतं, तो काय करतोय ते पाण्यातून आणि खडकांतून पुसट होतं. घरातल्या घरात एवढाच दुरावा पुरेसा असतो, असं मला वाटतं.

त्याच्या स्वभावातली पहिली गोष्ट म्हणजे त्याचं वजन. पाणी तीनशे किलोच्या थोडं वर, दहा मिलिमीटर जाडीची काच साठाच्या आसपास, खडक तीस, खाली लोखंडी स्टँड आणि स्टँडच्या पोटात ऐंशी लिटरची दुसरी टाकी, जिला संप म्हणतात. सगळं धरून साडेपाचशे किलो, आणि तेही अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या जास्त जागेवर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आपल्याकडचं मानक चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापरातला भार धरतं. त्यामुळे त्याची जागा सोफ्याच्या किंवा टीव्हीच्या सोयीने ठरली नाही. ती स्ट्रक्चरल इंजिनिअरने नकाशा बघून ठरवली. हॉल आणि जेवणाच्या जागेच्या सीमेवरून आमच्याकडे खालून बीम जातो, त्या बीमच्या रेषेत त्याला बसवलं. बीम दुसरीकडे असता तर तो दुसरीकडे बसला असता, किंवा आलाच नसता. फॅब्रिकेटरने पाणसळ लावून स्टँड चारही कोपऱ्यांत तपासला, कारण एका कोपऱ्यात दोन मिलिमीटरची कसर राहिली तरी तिचा ताण काचेच्या सांध्यावर येतो. लाकडी स्टँड आम्ही घेतला नाही. खारट ओल आणि पुण्याचा पावसाळा एकत्र आले की प्लाय फुगतो आणि त्याच्यावर एवढं ओझं ठेवणं धोक्याचं.

तिन्ही बाजूंनी दिसणाऱ्या टाकीला लपवाछपवी जमत नाही. भिंतीला लागलेल्या टाकीत मागच्या काचेवर पंप, पाइप, हीटर सगळं टांगता येतं. मधल्याचा सगळा पसारा त्या एका आखूड भिंतीकडे आहे. तिथे काचेचा एक कप्पा आहे, पाणी त्याच्या काठावरून सांडून खाली संपमध्ये जातं आणि पंप ते परत वर आणतो. हीटर, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर, पाणी थंड करणाऱ्या चिलरची नळी, सगळं खाली. वर फक्त पाणी, खडक आणि जीव. खडकही मधोमध बेटासारखे रचले, दोन्हीकडून गुहा दिसतील असे. दोन्ही बाजूंनी माणसांची ये-जा असते, तेव्हा माशांना आत लपायला जागा हवीच. ती नसली की ते बिथरतात, खात नाहीत आणि आजारी पडतात.

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आणि किनारा सह्याद्रीच्या पलीकडे. मधल्यातला समुद्र त्यामुळे घरीच करावा लागतो. नळाचं पाणी आधी कार्बनच्या फिल्टरमधून जातं, त्यात क्लोरीन निघतो. मग आरओ, मग आयन काढणारी राळ. मीटरवर टीडीएस शून्य आला की त्यात प्रवाळांसाठीचं तयार मीठ विरघळवायचं, लिटरला ३५ ग्रॅम. पहिल्या भरणीला जवळजवळ तेरा किलो मीठ लागलं. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बोरॉन, स्ट्रॉन्शियम हे सगळं ठरलेल्या प्रमाणात असतं आणि प्रवाळ ते सगळं ओळखतात. एक लिटर शुद्ध पाणी मिळवताना आरओतून दोन-तीन लिटर बाहेर पडतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येत असताना ते गटारात सोडणं आमच्या मनाला पटेना, म्हणून ते बादल्यांत साठतं आणि फरशी, संडास, गाडी यांना जातं.

त्याचा खरा स्वभाव मात्र स्थिरतेचा आहे. पाण्याचं तापमान २५ ते २६ अंश, खारेपणा ३५, कॅल्शियम लिटरला ४२० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० आणि अल्कता आठ ते नऊ अंश. नवख्या माणसाला हे आकडे पाठ करावेसे वाटतात. पण आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी मधला निभावून नेतो, त्याला सोसत नाही ते अचानक बदलणं. प्रवाळांनी जो समुद्र पाहिला आहे तो एवढा प्रचंड आहे की दिवसभरात त्याचं तापमान फारसं हलत नाही. एका फ्लॅटमधल्या तीनशे लिटरचं तसं नाही. एप्रिलमध्ये धायरीत पारा चाळिशीला टेकतो, डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो. म्हणून एकाच टाकीला चिलरही लागतो आणि हीटरही. महासागराने फुकट दिलेली स्थिरता आपण विजेने आणि मेहनतीने पुरवत राहायची, हाच त्याच्याशी झालेला करार.

बाष्पीभवन हा त्या करारातला रोजचा भाग. कोरड्या हवेत रोज तीन-चार लिटर पाणी उडून जातं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणजे भर घालायची ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. हे एकदा कळलं की अर्धा विषय कळला. संपमधला सेन्सर पातळी बघतो आणि छोटा पंप थेंब थेंब भर घालतो. त्या पाण्यात आम्ही चुन्याची निवळी वापरतो. पानाच्या डब्यातला चुना रासायनिक दृष्ट्या हाच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, फक्त इथे तो शुद्ध प्रतीचा लागतो. खडकांवर चढणारं गुलाबी चुनखडी शेवाळ या निवळीवर वाढतं. निवळी तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून ती हळूच आणि बहुतेक रात्री जाते.

गुरुवार हा त्याच्या परीक्षेचा वार. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं आणि महापालिकेची पाणीबंदी दोन्ही बहुधा गुरुवारी येतात. वीज गेली की वर जाणारं पाणी थांबतं आणि काठापर्यंतचं जास्तीचं पाणी खाली संपमध्ये उतरतं. तेवढं मावावं म्हणून संप कायम थोडा रिकामा ठेवलेला असतो. वर येणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक आहे. ते नसेल तर पाइप उलटा ओढायला लागतो आणि अर्धी टाकी फरशीवर येऊ शकते. अख्ख्या रचनेत स्वस्तातलं आणि सगळ्यांत मोलाचं काही असेल तर ते भोक. तासाभराच्या अंधाराने त्याला फारसं होत नाही. प्राणवायू कमी पडणं मात्र तो सोसत नाही. म्हणून आमच्या इन्व्हर्टरवर पंख्यांच्याही आधी पाणी हलवणाऱ्या वेव्हमेकरचा नंबर लागतो.

मधला आला तशा घराच्या काही सवयी बदलल्या. आई रोज रात्री तांब्याच्या भांड्यात पिण्याचं पाणी भरून ठेवतात, देवघरातली पळी-पंचपात्रही तांब्याची. तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी, शंख, प्रवाळ या बिनकण्याच्या जिवांना ते विष ठरतं, अगदी थोडं असलं तरी. त्यामुळे तांब्याची कुठलीही वस्तू त्याच्या पाण्याला लागू द्यायची नाही, हा नियम आईंनीच घरात लावला आणि त्याच तो कसोशीने पाळतात. झुरळांचा फवारा घरात बंद झाला. धूप देवघरात खिडकी उघडून लागतो, कारण स्किमर खोलीतलीच हवा ओढून पाण्यात मिसळतो. पाण्यात हात घालायचा तर साबण आणि क्रीम आधी पूर्ण धुऊन.

गौरी-गणपतीत घर भरलं की त्याचा पीएच उतरतो, हे मला फार आवडलेलं शास्त्र आहे. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बंद खोलीत साठतो, पाण्यात विरघळतो आणि पाणी जरासं आम्लाकडे झुकतं. खिडक्या उघडल्या की तासाभरात तो सावरतो. घरात माणसं जमल्याची नोंद घेणारी दुसरी कुठली वस्तू आमच्याकडे नाही.

पहिले काही महिने बघण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि ते तसंच असतं. आधी खडक आणि पाणी, बाकी काही नाही. मग अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू खडकांच्या छिद्रांत वस्ती करतात. जुन्या निरोगी टाकीतला थोडा खडक मिळाला तर तो विरजणासारखा काम करतो. तरी चार ते सहा आठवडे जातातच. त्यानंतर तपकिरी थर, मग हिरवं केसाळ शेवाळ, कधी लालसर साय. या दिवसांत पाहुणे विचारतात, 'हे असंच राहणार का?' लोक औषधं ओततात, भराभर मासे घालतात आणि टाकी मोडते ती इथेच. थांबणं, मोजणं, पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलणं आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सोडणं, एवढंच करायचं असतं. मग एक दिवस खडकावर गुलाबी ठिपका दिसतो. तो दिसला की टाकी वयात आली असं समजावं.

ही समज माणसाला टप्प्याटप्प्याने आली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, तेव्हा समुद्री जीव काचेआड जगवणं हेच नवल होतं. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या जोरावर घरच्या टाकीत प्रवाळ कसे वाढतात ते लिहून दाखवलं. मोठमोठ्या फिल्टरपेक्षा खडकातली सूक्ष्म वस्तीच पाणी राखते, ही ती कल्पना. आपल्याकडे १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांनी रंगीत समुद्री मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. मी त्यांतलीच एक.

आता त्याच्या पोटातली माणसं. हो, मी माणसंच म्हणते.

हॉलच्या बाजूला क्लाउनफिशची जोडी राहते, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. हे मासे जन्मतात ते सगळे नर. गटातला सर्वांत मोठा पुढे मादी होतो आणि मादी मेली तर तिच्या खालचा नर तिची जागा घेतो. मोठी आहे ती मादी, आणि खडकाच्या त्या कोपऱ्यावर तिचं राज्य आहे. काच पुसायला हात घातला तर ती बोटाला येऊन धडकते. नीट सांभाळली तर ही जात दहा वर्षांहून जास्त जगते, म्हणजे तिला आणणं हा दहा वर्षांचा शब्द असतो.

जेवणाच्या बाजूला, वाळूत, एक गोबी मासा आणि एक पिस्तूल कोळंबी एकत्र राहतात. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण खणण्यात ती तरबेज. गोबीला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. कोळंबी दिवसभर बिळातून वाळू बाहेर ढकलते आणि तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. टेबलावर कुणी एकदम हात हलवला की गोबी शेपटी थरथरवतो आणि कोळंबी क्षणात आत. मग तोही आत. निसर्गात ही भागीदारी अशीच चालते, आम्ही शिकवलेलं त्यात काही नाही. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर टीव्ही लागत नाही, त्याचं कारण हे दोघं.

खडकांवर झोअँथस आहेत, बटणाएवढी हिरवी-केशरी तोंडं. मशरूम प्रवाळ आहेत आणि एक लेदर कोरल, जो मधूनच मिटून बसतो, अंगावर मेणचट साय आणतो आणि ती झटकून पुन्हा फुलतो. या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शेवाळ राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्याचा मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून वरचे दिवे निळे. पाणी तांबडा रंग आधी गिळतं आणि खोलवर निळाच पोचतो, या जिवांना सवय त्याची. समुद्राचं पाणी उन्हाळ्याच्या नेहमीच्या तापमानाहून एखाद-दोन अंशांनी वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं, की हे शेवाळ प्रवाळाला सोडून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हे पुन्हा पुन्हा आलं आहे. आमच्याकडे चिलर आहे, समुद्राला नाही. मुलीला ही गोष्ट एकदाच सांगावी लागली.

झोअँथसबद्दल एक ताकीद इथेच देते. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्यांना कापू किंवा खरवडू नये. प्रवाळ चिकटलेला खडक गरम पाण्याने धुऊ नये आणि उकळू तर मुळीच नये, वाफेतूनही विषबाधा होते.

मधल्यात कठीण प्रवाळ नाहीत, समुद्रघोडा नाही, सागरी पंखा नाही. पाहुण्यांना त्याचं आश्चर्य वाटतं. २००१ मध्ये हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, ज्या अनुसूचीत वाघ आहे. मुंबईत सागरी किनारा रस्ता करताना वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळांच्या १८ वसाहती सापडल्या, तेव्हा त्या हलवायला महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्या दुसरीकडे नेऊन बसवल्या. महापालिकेला जे विचारून करावं लागतं ते माझ्या हॉलच्या शोभेसाठी कुणी समुद्रातून चोरून तोडावं, हे मला मान्य नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परदेशातून आलेल्या संरक्षित जातींचीही नोंदणी करावी लागते, तेव्हा 'हा बाहेरचा माल आहे' एवढ्याने भागत नाही.

म्हणून आमचे खडक समुद्रातून काढलेले नाहीत, भट्टीत भाजलेले सिरॅमिकचे आहेत. त्यांना जिवंत व्हायला वेळ जास्त लागला, पण ते झाले. क्लाउनफिश टाकीत जन्मलेले आहेत. भारतात या माशांची पैदास करण्याचं तंत्र केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलं आहे. पैदास केलेला मासा टाकीला सरावलेला असतो, कोरडं अन्न खातो, आणि त्याच्यासाठी कुठल्या खडकावर कुणी सायनाइड फवारलेलं नसतं. आग्नेय आशियात समुद्री मासे असेही पकडले गेले आहेत. निळा सर्जनफिश मुलीला फार हवा होता. तो मोठा होतो, मैलोगणती पोहणारा आहे, तीनशे लिटर त्याला कोंडवाडा ठरतात. तिला ते पटलं, आणि तिने त्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलं.

मधला आल्यापासून आम्हाला आपल्या समुद्राची जास्त ओढ लागली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथे किनाऱ्याजवळ प्रवाळ आहेत. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर किलोमीटरवर पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचं विस्तीर्ण पठार आहे, प्रवाळांनी भरलेलं, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. महाराष्ट्रासमोरच्या समुद्रात असं प्रवाळांचं पठार आहे हे धायरीतल्या आमच्या मजल्यावर कुणालाच माहीत नव्हतं. आता शेजारची मुलं बोट टेकवून नकाशावर दाखवतात.

संध्याकाळी हॉलमधले दिवे लावायच्या आधी तासभर फक्त मधल्याचा उजेड असतो. आईंची खुर्ची हॉलच्या बाजूला, माझं ऑफिसचं काम टेबलाच्या बाजूला. आईंचं बोलणं काचेवरून येतं. 'आज मोठी जेवली नाही गं' म्हणजे मादी. 'ह्याची पाण्याची भर संपत आली' म्हणजे बादली भरा. आमच्या दोघींच्या बोलण्यात पूर्वी कामापुरतं असायचं. आता विषय मध्ये उभा असतो आणि त्याच्याबद्दल दोघींनाही सारखंच कळतं.

तुम्हाला असा सोबती घरात हवा असेल, तर बीम कुठून जातो ते आधी बघा, आणि त्याला रोजची पंधरा मिनिटं देणारं घरात कुणीतरी आहे का ते विचारा. मग दुकानात जा आणि प्रत्येक जिवाबद्दल एकच विचारा: हा कुठे जन्मला? पैदास केलेला आहे की समुद्रातून काढलेला, आणि त्याचा कागद आहे का? उत्तर स्पष्ट मिळालं नाही तर तो जीव घेऊ नका, मग तो कितीही सुंदर असो. टाकी महिनाभर आणखी रिकामी राहिली तर काही बिघडत नाही.